सव्वातीनची ओहोटी

रवि. ९ नोव्हें.

आजपासून मी तांडेल. दुपारी मंडळाच्या बैठकीत वाघनखीने जाहीर केलं : "होडी केव्हा सोडायची, पाय केव्हा उतरवायचा, ते यापुढे सदानंदजी सांगतील. बाकीच्यांनी ऐकायचं. झालं नं?"

मंडळ संगणकावरच्या खेळातलं, नावंही तिथलीच; बैठक म्हणजे चौघांनी आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसायचं. वाघनखी नागपूरची, शाळेत लेखनिक. बिजली कोल्हापूरचा, टेम्पो चालवतो. मौनी कुठली ते माहीत नाही. दीड वर्षात एक शब्द बोललेली नाही. बरोबर चालते, जखमा भरते, मान हलवते. आणि मी आगरदांड्याला, दुकानाच्या मागच्या खोलीत, लेक तेजल पुण्याला जाताना ठेवून गेली त्या संगणकासमोर. खेळातलं माझं रूप : बुटका, दाढीवाला, हातात परशू. सौ. म्हणते, हुबेहूब.

तांडेलकी का मिळाली ते लिहून ठेवतो. शंखबेटावर जायला वाळूची वाट आहे. अलिबागच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जातात, तशी. पण भोवती कायम धुकं. पाणी किती ते दिसत नाही, आणि होडीतून एकदा उतरलं की परत चढता येत नाही. बेटाचं दार चौघे मिळालो तरच उघडतं, म्हणजे एकाला पुढे पाठवून बघायची सोय नाही. तिघांनी विचारलं, मग भरती-ओहोटी कळायची कशी? मी म्हटलं, आकाशात चंद्र दिला आहे ना? तिथीची पाऊणकी करा, म्हणजे पाऊणपट, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी, चार पाऊण तीन, तीनला भरती. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. आमच्याकडे हे पाळण्यात शिकतात.

बि. म्हणाला, "काका, आमच्याकडं पंचगंगेला एकच भरती येती, ती बी जुलैत."

हवेत बोलणारा माणूस मी नाही. खेळातल्या दीपस्तंभाच्या पायऱ्यांवर पाणी कुठवर येतं ते बघून तीनदा ताडून पाहिलं होतं. पौर्णिमेला, अमावास्येला आणि अष्टमीला. या तीन तिथी चंद्र बघून हमखास ओळखता येतात म्हणून त्याच घेतल्या. तिन्ही वेळा पाऊणकी पायरीला पायरी बरोबर. दीपस्तंभ बेटापासून लांब, चालत खेळातला आठवडा, म्हणून ऐनवेळी तिथे बघून येणं शक्य नाही. पण गरजच काय?

हंगाम रवि. ३० ला संपतो. मग शंखबेट कायमचं बुडणार. तीन आठवडे आहेत.


मंगळ. ११

काशीदच्या एका हॉटेलचा पाणबुडी पंप आला, पूर्ण जळलेला. मालक विचारतो, "तुम्ही डिप्लोमा कुठून केला?" म्हटलं, इथूनच, या स्टुलावरून. पहिली मोटार मी एकोणिसाव्या वर्षी उघडली ती जळकीच होती. एकेक वेढा सोडवत मोजला, वहीत लिहिला, आणि तसाच परत भरला. कुणी शिकवलं नाही. ती मोटार अजून चालते.

खेळाबद्दल लोक विचारतात, या वयात हे काय? उत्तर देत नाही. इथे लिहितो. तिथे कुणी शिक्षण विचारत नाही. कोणती गाठ मारता येते, शब्द पाळता का, एवढंच बघतात. चुका मात्र आहेत. होडीला वल्ही नऊ दाखवली आहेत, एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला चार. अशी होडी गोल गोल फिरेल. आणि बंदरावर सुकत घातलेले बोंबील शेपटीने टांगले आहेत. जबड्यात जबडा अडकवून टांगतात, एवढंही माहीत नाही.


गुरु. १३

बुडालो.

स. ६ ला निघालो. चंद्राची बारीक कोर, डावीकडे फुगलेली. म्हणजे वद्य पक्ष, द्वादशी. बारा पाऊण नऊ. नऊला भरती, सव्वातीनला ओहोटी. खेळातला एक तास म्हणजे आपली पाच मिनिटं. वाट उघडी राहते आपली दहा मिनिटं, चालायला लागतात सात. सव्वातीनच्या ठोक्याला म्हटलं, "उतरा."

पन्नास पावलांवर पाणी छातीला. ऐंशीवर कुणीच नाही.

दोष बि.चा. मधेच वाकून शंख वेचत होता. ऐकवलंही त्याला.

"आवो काका, एकच येचला!"

"एकानेच उशीर होतो."

बुडालं की हातात असेल ते जातं. माझा परशू गेला. चालायचंच.


शुक्र. १४

नवा परशू. जुन्यापेक्षा दांडा दोन बोटं आखूड. सवय होईल.


रवि. १६

परत.

आज कुणी वाकलं नाही, कुणी थांबलं नाही. मी सगळ्यात पुढे. चंद्र मोठा होता, डावीकडे भरलेला. वद्य पंचमी धरली. पाच पाऊण पावणेचार, ओहोटी दहाला. दहाला उतरलो. पाणी पहिल्या पावलालाच कमरेला लागलं, तरी मी म्हणत होतो, "पुढे उथळ आहे, चला!"

वा.न.ची ढाल गेली. तीन महिने खपून मिळवली होती तिने. ती एवढंच म्हणाली, "जाऊ द्या बाप्पा, ढालच होती." चिडली असती तर बरं वाटलं असतं.

बि.ने मात्र तोंड उघडलं. त्याच्या ओळखीचं एक मोठं मंडळ आहे, साठ जणांचं. ते आपल्याला सामावून घेतील, वेळा त्यांच्याकडे पक्क्या आहेत. फक्त आपलं मंडळ मोडून त्यांच्यात जायचं. वा.न. म्हणाली, २६ ला, बुधवारी, ठरवू. तोवर तांडेलजींना काही सुचलं तर ऐकू.

सुचलं तर! पाऊणकी चुकत नाही. पाऊणकी कधीच चुकत नाही.


सोम. १७

खेळ उघडला नाही. सौ.ने विचारलं, "आज लढाईला सुट्टी?" म्हटलं, दुकानात काम आहे. दुकानात काम नव्हतं.


बुध. १९

काशीदचा पंप बसवून आलो. फिरतो छान, आवाज छान, करंट बरोबर, पाणी मात्र थेंब थेंब. मालक माझ्याकडे बघतो आहे, मी पंपाकडे. मग दोन वायरी अदलाबदल केल्या आणि धो धो पाणी. तीन फेजची मोटार, दोन वायरी उलट्या लागल्या की उलटी फिरते. टेबलावर तपासताना हे कळत नाही, सगळी मापं बरोबरच येतात.

एकतीस वर्षांत ही चूक माझ्याकडून दुसऱ्यांदा झाली. तारीख लिहून ठेवली.


शुक्र. २१

हिराबाय आली पंखा घेऊन. जेट्टीवर मासळी विकते, वय सत्तरच्या पुढे, मला हाफ पँटीत पाहिलेली. पंखा ठेवला आणि सरळ मागच्या खोलीत शिरली.

"ह्यो कंचा दर्या रं सदा?"

म्हटलं, खेळातला. आणि का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. बुडालो ते, ढाल गेली ते. टोपली खाली ठेवून ऐकत होती. मग पडद्यावरच्या चंद्राकडे बोट केलं. "ह्या चांदाची कोर डावीकडं हाय, म्हनून तू वद्य म्हनतोस?"

"मग? घटता चंद्र डावीकडेच उजळ असतो."

"काल केवढा व्हता ह्यो?"

म्हटलं, काल म्हणजे? खेळातला दिवस दोन तासांचा. मी सकाळी तासभर खेळतो. रोज नवा चंद्र दिसतो, मागचा-पुढचा दिसत नाही.

"म्हंजे तू त्याला वाडताना न्हाय बगितला, घटताना बी न्हाय बगितला. नुस्ता एकदा तोंड बगून सोयरीक जमवलीस?" आणि हसली, खूप वेळ हसली. "पंखा उंद्याला दे. न्हायतर तो बी बुडवशील."

पंखा आजच करून ठेवला.


रवि. २३

दु. १२ ते सव्वाचार बसलो. सौ.ला सांगून टाकलं, आज चंद्र बघायचा आहे. ती म्हणाली, "भर दुपारी?" आणि ताट खोलीत आणून दिलं.

नोंद :
१२.१०. कोर बारीक, डावीकडे फुगलेली.
२.१०. कोर डावीकडेच, पण जाड.
४.१०. आणखी जाड.

वाढतोय. डावीकडे उजळ, आणि वाढतोय! म्हणजे मी ज्याला वद्य द्वादशी म्हटलं ती शुद्ध तृतीया होती. तीन पाऊण सव्वादोन. सव्वादोनला भरती, आणि सव्वातीनला मी चौघांना पाण्यात उतरवलं. भरतीच्या तोंडात.

मग दीपस्तंभावर तीनदा बरोबर कसं आलं? कागदावर मांडलं आणि कानशिलं तापली. पौर्णिमेला डावं-उजवं नसतं. अमावास्येला चंद्रच नसतो. आणि अष्टमी शुद्ध असो की वद्य, आठ पाऊण सहाच. चूक दिसूच शकत नाही असे तीनच दिवस, आणि मी नेमके तेच तीन निवडले होते, पक्की खात्री व्हावी म्हणून.

संध्याकाळी जेट्टीवर गेलो. आज मार्गशीर्ष शु. ३. दिघीहून आलेल्या शेवटच्या बोटीतली गर्दी उतरत होती. पश्चिमेला कोर, नीट, उजव्या अंगाला फुगलेली, जशी असायला हवी तशी. हिराबाय टोपली आवरत होती. तिने हनुवटीने वर दाखवलं.

एक गोष्ट मात्र आहे. चूक माझी नाही. चंद्र उलटा टांगलाय खेळ बनवणाऱ्यांनी. बोंबील टांगले तसाच. उद्या त्यांना पत्र.


सोम. २४

पत्र दीड पान झालं. चंद्र, वल्ही, बोंबील, तिन्ही मुद्दे क्रमाने. शेवटी : 'अज्ञानामुळे आमच्या मंडळाचे जे नुकसान झाले त्याची जबाबदारी आपली आहे.' इंग्रजी करून द्यायला वा.न.ला हवं, म्हणून स. ६ ला मंडळात वाचून दाखवलं. बि. म्हणाला, "नाद खुळा! काका, आपली चूकच न्हाई म्हनायची!"

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली. मौनी. दीड वर्षात पहिल्यांदा. जसं लिहिलं तसं उतरवून घेतो :

'माफ करा. आमच्या इकडे चंद्र असाच दिसतो. मी न्यूझीलंडला आहे. खेळवाले पण इकडचे. वाढताना डावीकडे. मला वाटले सगळीकडे असाच.'

मग पुन्हा :

'मी सात वर्षाची असताना चिपळूणहून आले. माझे मराठी लहान मुलासारखे आहे म्हणून बोलत नव्हते. तांडेल म्हणाले वद्य, मला वद्य शब्द माहीत नव्हता. विचारायला लाज वाटली.'

वा.न. म्हणाली, "अगं पोरी, काहून लाजतेस? मस्त लिहितेस तू."

मी पत्र मिटलं. वल्ह्यांचा मुद्दा अजूनही बरोबर आहे.


मंगळ. २५

दिवसभर डोक्यात तेच. पृथ्वीच्या खालच्या अंगाला उभं राहिलं की चंद्र उलटा दिसणार, यात अवघड काय आहे? लिंबू आणि बॅटरी घेऊन दुकानात करून पाहिलं. स्टुलावरून वाकून, डोकं खाली करून. गिऱ्हाईक आलं ते दारातूनच परत गेलं.

मी कधी कुणाला विचारलं नाही. मोटार उघडतानाही नाही. याचा अभिमान होता, आहे. पण ती मुलगी लाजेने गप्प आणि मी तोऱ्यात गप्प, आणि ढाल गेली वाघनखीची.

सौ.ला म्हटलं, उद्या मंडळात सांगावं लागणार, चूक माझी. कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "मला कधी म्हणाला नाहीत एवढ्या वर्षांत. त्यांना सांगताय, तर मीही ऐकायला बसते."


बुध. २६

स. ६. सांगितलं. हेडफोन काढून स्पीकर लावला; सौ. शेजारी खुर्ची घेऊन, चहाचा कप हातात.

तयार केलेली वाक्यं चार होती, तोंडून आली ती वेगळीच. म्हटलं, खेळाची चूक नाही, बिजलीच्या शंखाची तर नाहीच. मी चंद्र एकदा बघून ठरवलं. वाढतो की घटतो हे बघितलं नाही. ताडून पाहिलं तेही असं की चूक सापडूच नये. ढाल माझ्यामुळे गेली. तुम्हाला साठांच्या मंडळात जायचं असेल तर माझी हरकत नाही.

बि. पहिला बोलला, "ते काका माझ्या शंखाचं परत एकदा म्हना की. सगळ्यांसमोर."

परत म्हटलं. सौ.ला हसू आवरेना. तिचा आवाज गेला पलीकडे. वा.न. लगेच, "या कोण? वहिनी काय? वहिनी, हे घरीही असेच तांडेल आहेत का?"

"घरी मी आहे," सौ.

मग मुद्द्यावर आले. एकच संधी उरली, ३० ची. त्यांच्यात जायचं की आपण चौघांनी जायचं? मौनीने आधी लिहिलं : 'आपण.' वा.न. म्हणाली, आपण. बि.ने वेळ घेतला. शेवटी म्हणाला, "येतो. पन ह्या खेपेला बुडालो तर काका, मी मंडळ सोडनार. राग मानू नका. माझी तलवार मला लेकरासारखी हाय."

रास्त आहे. लिहून ठेवलं.


शुक्र. २८

काल आणि आज सरावाला मी आणि मौनी, दोघेच. दीपस्तंभावर. या वेळी पौर्णिमा, अमावास्या, अष्टमी सोडून. तिला शुद्ध आणि वद्य शिकवलं, तिने मला त्यांच्याकडच्या ताऱ्यांची नावं सांगितली. शुद्ध पंचमीला एकदा, वद्य दशमीला एकदा, डावं-उजवं उलटं धरून. दोन्ही वेळा पायरीला पायरी बरोबर. तिने लिहिलं, 'पाऊणकी म्हणजे काय?' तिसरीच्या मुलांना येते, असं लिहिणार होतो. खोडलं. शिकवली. बारा पाऊण नऊ येईपर्यंत तिची गाडी छान चालली.


रवि. ३०

दु. ३.३५. होडीत आहोत. धुकं. वही मांडीवर घेऊन लिहितो आहे, कारण हात मोकळे राहिले तर उगाच कळा दाबतील.

खोलीत गर्दी आहे. सौ. आहे. हिराबायही आलीय, पंख्याचं निमित्त करून. पंखा चालतो, मी बघितला. टोपली दाराबाहेर ठेवलीय, मांजरावर नजर ठेवायचं काम सौ.कडे.

३.४० ला धुक्यात वर भगदाड पडलं आणि चंद्र दिसला. बारीक कोर. उजवीकडे फुगलेली. जन्मभराच्या सवयीने ओठांवर शुद्ध तृतीया आली, ती गिळली. इथे उजवी म्हणजे घटता. वद्य द्वादशी. पण नुसतं तोंड बघून नाही : दु. १.४० ला बघून ठेवला होता, तेव्हा याहून जाड होता. मौनीनेही तिच्याकडून बघून ठेवला होता. घटतोय.

बारा पाऊण नऊ. नऊला भरती, ओहोटी...

परत करून पाहिलं. तेच.

"बोला काका," बिजली. "किती वाजता उतरायचं?"

"सव्वातीन."

बिजली उसळला, "परत सव्वातीन? आवो, पयल्यांदा बुडवलं ते सव्वातीनलाच की!"

"तेव्हा चूक होतं. आज बरोबर आहे."

"आकडा त्योच हाय पन!"

"आकडा तोच आहे. चंद्र वेगळा आहे."

वा.न. नवी ढाल पाठीवर आवळत होती, पडद्यावर दिसत होतं. जुनीच्या निम्मी आहे. मौनीचं लिहून आलं, शुद्धलेखनासकट : 'बारा पाऊण नऊ. मी पण केले. सव्वातीन.'

हिराबाय पडद्याजवळ सरकली. चष्मा नाही, तरी नाक लावून बघते आहे. "धुक्याचा रंग बरा हाय," म्हणाली. खेळातल्या धुक्याला रंग एकच आहे, पण तिला सांगितलं नाही.

३.५५. खेळात तीन वाजले. पंधरा खेळमिनिटं, म्हणजे आपलं सव्वा मिनिट.

बिजली म्हणाला, "काका, तलवार होडीत ठिवू का? बुडालो तर तेवढी तरी राहील."

मनात आलं, म्हणावं, ठेव. त्याचं भलंच होईल. पण दाराशी राखणदार आहे, तलवारीशिवाय दार मिळणार नाही, हे त्यालाही माहीत आहे, मलाही.

"घे बरोबर," म्हटलं. "आणि शंख दिसला तर वेच. आज वेळ आहे."

तो हसला. वाघनखीही हसली.

पहिला मी उतरणार. परशू दोन बोटं आखूड, आणि खेळात मी स्वतःही सगळ्यात बुटका. पाणी असलं तर आधी मलाच लागेल, मागच्यांना ओरडून सांगायला तेवढा वेळ मिळेल.

सौ.ने पेन मागितलं आहे. म्हणते, दोन्ही हात लागतील तुम्हाला, पुढचं मी लिहिते.

सव्वातीन. उतरतो